पॅच पोचला, आता तुम्ही पोचा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी परदेशातल्या कम्युनिटी कॉन्फरन्सला जाऊन यावं, खिशात पैसे नसले तरी, कारण पैशांची सोय होऊ शकते. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी दीड वर्ष एका डेस्कटॉप ॲपचं भाषांतर करतोय आणि आलेले बग तपासून त्यांची वर्गवारी लावतोय. कोड म्हणाल तर दोन-तीन छोटे पॅच, म्हणजे कोडमधल्या किरकोळ दुरुस्त्या, बस. त्यांच्या वार्षिक कॉन्फरन्सला ट्रॅव्हल स्पॉन्सरशिप मिळते असं कळलं. पण ती मोठ्या डेव्हलपर लोकांसाठी असणार ना? मी अर्ज केला तर कुणाची तरी जागा अडवल्यासारखं होईल असं वाटतंय.

नाही अडवत. हे आधी डोक्यातून काढून टाक. तो पैसा तुझ्यासारख्यांसाठीच बाजूला काढलेला असतो रे. मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या डेव्हलपरला त्याची कंपनी पाठवते, त्याला कशाला हवी स्पॉन्सरशिप? मागे उरतात ते विद्यार्थी, भाषांतर करणारे, टेस्टिंग करणारे, डॉक्युमेंटेशन लिहिणारे, आणि हे लोक आले नाहीत तर प्रोजेक्टचं अर्धं काम करणारी माणसं खोलीतच नसतात. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वार्षिक कॉन्फरन्सला, डेबकॉन्फला, तर जेवण, राहणं आणि प्रवास या तिन्हीसाठी वेगवेगळी बर्सरी, म्हणजे आर्थिक मदत, मागता येते, म्हणजे तिकीट तू काढलंस आणि राहण्या-जेवण्याचं त्यांनी बघितलं असंही चालतं. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप सांभाळणारं ग्नोम फाउंडेशन प्रवासखर्च देत आलंय, पायथॉन भाषेच्या पायकॉन यूएस या कॉन्फरन्समध्ये फायनान्शियल एडची व्यवस्था आहे. ज्या प्रोजेक्टमध्ये काम करतोस त्याच्या फाउंडेशनकडे विचार, विचारण्यात कमीपणा काही नाही.

आता अर्ज कसा लिहायचा ते सांगते, कारण माझ्यावर असे अर्ज वाचायची वेळ आलीये आणि चांगली चांगली माणसं नुसत्या अर्जापायी मागे पडताना बघितलीयेत. "मला ओपन सोर्सची खूप आवड आहे आणि ही माझ्यासाठी मोठी संधी ठरेल" असं एक वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी सरळ लिही की वर्षभरात अमुक इतके बग तपासले, त्यातले इतके डुप्लिकेट म्हणून बंद केले, भाषांतर अर्ध्यावर होतं ते पूर्ण होत आलंय, या त्याच्या लिंका, आणि तिथे येऊन मला अमक्या टीमबरोबर बसून अनेकवचनाच्या स्ट्रिंगचा (स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुराचा) गोंधळ सोडवायचाय. एवढं पुरे. काय केलंस, तिथे येऊन काय करणारेस, पैसे किती लागतील. रक्कम खरी टाक, तिकिटाचे दोन-तीन दर बघून टाक. काही भाग स्वतः भरू शकत असशील तर तसंही लिही, पण उगाच हिरोगिरी करून पूर्ण गरज असताना अर्धे पैसे मागू नकोस, मग ऐन वेळी रद्द करावं लागतं आणि ती जागा खरंच वाया जाते.

अजून एक. बऱ्याच ठिकाणी पैसे आधी मिळत नाहीत, आपण खर्च करायचा आणि परत आल्यावर पावत्या दाखवून घ्यायचे. हे माहीत नसलं की ऐन महिन्यात पंचाईत होते. तिकीट त्यांनी परस्पर काढून द्यावं अशी विनंती करता येते का ते पहिल्याच ईमेलमध्ये विचारून घे, कुणी वाईट मानत नाही. आणि बोर्डिंग पास, बसची तिकिटं, हॉटेलचं बिल यातलं काहीही घरी आल्याशिवाय फेकायचं नाही.

प्रश्न : स्पॉन्सरशिप मिळाली, आता व्हिसाची धाकधूक आहे. आधी तिकीट काढायचं की आधी व्हिसा? आणि नाकारला तर?

प्रत्येक देशाचे नियम वेगळे, पण बरेच प्रश्न युरोपातल्या कॉन्फरन्सबद्दल आलेत म्हणून शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो त्याचं, सांगते. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण शेवटच्या तारखेपर्यंत थांबूच नका. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, काही वेळा 45 दिवसांपर्यंत लांबतो, आणि अपॉइंटमेंट मिळायलाच किती वेळ लागेल ते वेगळं. मोठ्यांची फी जून 2024 पासून 90 युरो आहे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. परत यायच्या तारखेनंतर निदान 3 महिने पासपोर्ट चालू असायला हवा. दोन-तीन देश फिरणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

कॉन्फरन्सच्या आयोजकांकडून इन्व्हिटेशन लेटर मागवून घ्या, आणि त्यावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. हे मुद्दाम सांगतेय. माझ्या पहिल्या वेळी पत्रावर मी ऑनलाइन वापरते ते नाव आलं, मधलं नाव गायब, आणि मला ते लक्षात आलं अपॉइंटमेंटच्या पाच दिवस आधी. आयोजक सगळे व्हॉलंटियर, प्रत्येकाचा टाइमझोन वेगळा, नवीन पत्र यायला चार दिवस गेले. ते चार दिवस मी धड झोपले नाही.

कव्हरिंग लेटर स्वतः लिहा आणि अगदी साध्या शब्दांत लिहा. कागद तपासणाऱ्या माणसाला हे कळतच नसतं की पगार नसलेल्या कामासाठी कुणी समुद्रापार का जाईल आणि तिसरीच संस्था त्याचा खर्च का करेल. म्हणून हे सॉफ्टवेअर काय आहे, मी त्यात काय करते, खर्च कोण करतंय, किती दिवस जातेय आणि परत येऊन माझं इथे काय काय आहे, हे सगळं एका पानात. फिरायला जातोय असं सोयीसाठी खोटं लिहू नका, कागद एकमेकांशी जुळले नाहीत की तिथेच अडकतं.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं तिकीट काढू नका, आणि नाकारला गेला तर तिकिटाचे पैसे स्पॉन्सर देणार का हे लेखी विचारून ठेवा. शेंगेनमध्ये नकार दिला तर कारण ठरलेल्या फॉर्मवर कळवावं लागतं आणि अपील करायचा हक्क असतो. नकार आला तरी तुमच्या कामावर तो शेरा नाही. माझे दोन फार चांगले सहकारी व्हिसापायी कॉन्फरन्सला पोचू शकले नाहीत आणि मला त्याचा अजूनही राग येतो, कारण ज्या कम्युनिटीत कुठूनही कुणीही येऊ शकतो असं आपण म्हणतो तिचं दार शेवटी पासपोर्टच्या रंगावर उघडतं किंवा बंद होतं. आयोजकांनी जागा ठरवताना हे बघावं म्हणून आम्ही दरवर्षी बोलतो. डेबकॉन्फ 2022 साली कोसोवोत प्रिझरेनला, 2023 साली भारतात कोचीला आणि 2024 साली दक्षिण कोरियात बुसानला झाली, अशी जागा फिरती राहिली की दर वेळी वेगळ्या लोकांना सोपं जातं.

प्रश्न : सगळ्या टॉक्सचे व्हिडिओ नंतर फुकट बघायला मिळतात. काम तर सगळं ऑनलाइनच चालतं. मग एवढा खर्च, विमानाचं प्रदूषण, सुट्ट्या घालवणं, कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. आणि नुसते टॉक ऐकायचे असतील तर खरंच जाऊ नका, घरीच बघा. ब्रसेल्सच्या विद्यापीठात जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॉसडेम ही ओपन सोर्सची मोठी कॉन्फरन्स भरते, दोन दिवस, प्रवेश फुकट, नावनोंदणीसुद्धा नाही, हजारो लोक येतात आणि खोल्या इतक्या भरतात की दारावर जागा नसल्याची पाटी लागते. तिथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावण्यात दिवस घालवणारे घरी बसून जास्त ऐकू शकले असते.

जायचं ते टॉकच्या मधल्या वेळासाठी. त्याला हॉलवे ट्रॅक म्हणतात, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं, खोल्यांच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये चालतं ते. माझाच अनुभव सांगते. एका एडिटरमध्ये देवनागरी टाइप करताना बॅकस्पेस दाबलं की अख्खं जोडाक्षर उडायचं. म्हणजे "क्षि" लिहिलं आणि फक्त वेलांटी चुकली तरी सगळं परत टाइप करा. मी बग टाकला, मेंटेनरने, म्हणजे तो एडिटर सांभाळणाऱ्याने, उत्तर दिलं की कर्सर एका अक्षरावर आहे, एक अक्षर जातंय, बरोबरच आहे. मी परत लिहिलं, त्याने परत लिहिलं, आठ महिने हेच. मला वाटायला लागलं की हा माणूस हट्टी आहे आणि त्याला बहुतेक वाटत होतं की मी उगाच भांडतेय. मग कॉन्फरन्समध्ये तो कॉफीच्या रांगेत माझ्या पुढेच उभा. मी बॅजवरचं नाव वाचलं आणि म्हटलं, तो बॅकस्पेसवाला बग माझा. रांग सोडून आम्ही एका टेबलाशी बसलो आणि मी कागदावर क, हलन्त, ष, वेलांटी असं चार वेगवेगळ्या चौकोनांत लिहून दाखवलं, की तुला हे एक चित्र दिसतंय, पण माझी बोटं चार वेळा चाललीयेत आणि मला फक्त चौथं मागे घ्यायचंय. त्याने कागद स्वतःकडे ओढला, चौकोनांवर बोट ठेवत मोजलं, आणि म्हणाला, अच्छा, म्हणजे तू अक्षर नाही, कळ परत मागतेयस. वीस मिनिटं लागली. पॅच त्याच संध्याकाळी गेला. आठ महिने दोघंही बरोबर बोलत होतो, फक्त तो काय बघतोय ते मला दिसत नव्हतं आणि मी काय बघतेय ते त्याला.

दुसरं कारण जरा गंभीर आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या टूलमध्ये मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम करायची सोय) लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्याने पाठपुरावा केला म्हणून ते उघड झालं. ज्याने घातलं त्याने त्याआधी दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला होता, आणि त्याच काळात अनोळखी नावांनी मूळ मेंटेनरकडे तगादा लावला होता की तू हळू आहेस, दुसऱ्याच्या हातात दे. तो मेंटेनर एकटा, मोकळ्या वेळात काम करणारा, तब्येत सांभाळत चाललेला. मी असं म्हणत नाहीये की प्रत्यक्ष भेटला म्हणजे माणूस विश्वासाचाच, तसं नसतं. पण ज्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडवर, अर्धं इंटरनेट उभं आहे ती एकच माणूस रात्री जागून सांभाळतोय हे त्या माणसाशेजारी जेवायला बसल्यावर जसं कळतं तसं स्क्रीनवर कळत नाही. त्यानंतर आपण बग टाकताना "लवकर करा" असं लिहीत नाही. जमलं तर त्याचं थोडं काम उचलतो.

विमानाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणून दरवर्षी दहा ठिकाणी जाऊ नये, एकच निवडावी, पूर्ण दिवस राहावं, आणि आधीचे किंवा नंतरचे स्प्रिंटचे, म्हणजे एकत्र बसून काम करायचे, दिवस सोडू नयेत. डेबकॉन्फच्या आधी डेबकॅम्प असतो, पायकॉन यूएसच्या शेवटी स्प्रिंट असतात, खरं काम तिथे होतं.

प्रश्न : ताई, माझं इंग्रजी बोलताना अडखळतं आणि तिथे मी कुणालाच ओळखत नाही. सगळे दिवस कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसेन अशी भीती वाटतेय. काय करू?

अगं, पहिल्याच दिवशी व्हॉलंटियर म्हणून नाव दे. यासारखा दुसरा उपाय नाही. ओळख नसताना घोळक्यात घुसणं अवघड असतं, पण हातात काम असलं की लोक आपणहून बोलायला येतात. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बस, बॅज दे, किंवा व्हिडिओ टीममध्ये जा. डेबकॉन्फसारख्या ठिकाणी कॅमेरा चालवणारे आपल्यातलेच असतात, आधी छोटं ट्रेनिंग देतात. मी पहिल्या वर्षी कॅमेऱ्यामागे होते. वक्ता एका जागी उभा राहणारा होता तोवर ठीक, मग एकजण आला तो बोलता बोलता व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालणारा, आणि मी घामाघूम होऊन ट्रायपॉडचा दांडा फिरवत त्याच्या मागे. टॉक संपल्यावर तोच आला आणि म्हणाला, सॉरी, तुला फार पळवलं. तिथून बोलणं सुरू झालं ते रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं.

इंग्रजीचं म्हणशील तर आजूबाजूला नीट ऐक. ब्राझीलचा, जपानचा, पोलंडचा, प्रत्येकजण शब्द शोधत बोलतो. तिथे कुणी व्याकरण तपासत नाही, अडलं तर लॅपटॉप फिरवून कोड दाखवतात. भराभर बोलणारा कुणी भेटला तर सरळ सांग, हळू बोल.

एरिक होल्शर याने मांडलेला एक छान नियम आहे, पॅकमॅन नियम. चार माणसं गोल करून उभी असली की एकाची जागा मोकळी ठेवायची, पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी, म्हणजे बाहेरच्याला आत यायचं आमंत्रण राहतं. तशी फट दिसली की तिथे जाऊन उभी राहा, पहिली पाच मिनिटं नुसतं ऐकलंस तरी चालतं. आणि दुसऱ्या दिवशी तू स्वतः अशा गोलात असशील तेव्हा मागे कोण घुटमळतंय ते बघ.

थकलीस तर खोलीत जाऊन झोप, त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. कुणाचं वागणं खटकलं तर कोड ऑफ कंडक्टची टीम असते, तिचा संपर्क पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेव. "एवढंसं तर आहे" म्हणून गप्प बसू नकोस, तू सांगितलंस की पुढच्या मुलीचं सोपं होतं.

प्रश्न : माझं वय 61. निवृत्तीनंतर एका प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन लिहितो. या वयात तिथे जाणं शोभेल का? सगळी पंचविशीतली मुलं असतील.

काका, नक्की जा. तिशी-चाळिशीच्या पुढचे पुष्कळ भेटतात, डेबियन 1993 पासून चालू आहे, तेव्हापासूनची माणसंही येतात. डॉक्युमेंटेशनवाल्यांची तर तिथे वाट बघत असतात. तुमची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा, आणि शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा म्हणजे झोप जुळेल. बाकी काही वेगळं करायची गरज नाही.

प्रश्न : टॉकचा प्रस्ताव नाकारला गेला. आता जाऊन काय उपयोग?

लाइटनिंग टॉक द्या. साधारण पाच मिनिटांचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी नावं तिथेच नोंदवतात. किंवा बॉफ भरवा, म्हणजे एकाच विषयात अडकलेली आठ-दहा माणसं एका खोलीत बसून बोलतात, स्लाइड लागत नाहीत, तज्ज्ञ असायला लागत नाही. माझ्या मते पहिल्या वेळी बॉफच जास्त उपयोगी, कारण टॉक दिला की लोक तुमचं ऐकतात आणि बॉफ घेतला की तुम्हाला त्यांचं ऐकायला मिळतं.

प्रश्न : तिथे की-सायनिंग असतं आणि त्यासाठी अनोळखी लोकांना पासपोर्ट दाखवायचा असतो असं ऐकलं. हे सुरक्षित आहे का? आणि करायचंच कशाला?

डेबियनमध्ये डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या जीपीजी कीवर, म्हणजे डिजिटल सही करायच्या किल्लीवर, आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात, म्हणजे ही की खरंच या माणसाची आहे असं कुणीतरी समोरासमोर बघून सांगितलेलं हवं. करायचं असं की आपल्या कीचं फिंगरप्रिंट (तिची ओळखखूण), 40 अक्षर-आकड्यांचं, छोट्या चिठ्ठ्यांवर छापून न्यायचं, समोरच्याला एक द्यायची, त्याची एक घ्यायची, आणि एकमेकांचं ओळखपत्र बघायचं. पासपोर्ट आपल्याच हातात धरून दाखवा, फोटो काढू देऊ नका, आणि नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. तिथल्या तिथे लॅपटॉपवर सही करायची घाई करू नका. चिठ्ठीवर तपासल्याची खूण करून ठेवा, आणि घरी गेल्यावर शांतपणे फिंगरप्रिंट जुळवून सही करा.

फक्त ते खरंच करा. घरी पोचल्यावर कपडे धुवायला जातात, ऑफिस सुरू होतं आणि चिठ्ठ्या बॅगेच्या कप्प्यात तशाच राहतात. माझ्याकडून एकदा तीन महिने राहिल्या होत्या, आणि त्यातल्या एका मुलीचा डेव्हलपर होण्याचा अर्ज तेवढ्या एका सहीसाठी अडून होता, तिने संकोचाने विचारलंही नव्हतं. आता मी परत आल्यावर बॅग रिकामी करायच्या आधी चिठ्ठ्या काढून कीबोर्डवर ठेवते.